दर्याभवानीचा सुतार

पुंडलिक मेस्त्रीला पुंडलिक म्हणून हाक मारणारं कुवेतमध्ये एकही माणूस नव्हतं. तसं गावाकडेही आता कुणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ती परसातून "पुंडल्या" म्हणून ओरडायची. तिला जाऊन सोळा वर्षं झाली. बायकोने, रत्नमालेने, लग्नात आणि पुढे दोन-चार हळदीकुंकवांना उखाण्यात नाव घेतलं तेवढंच, एरवी तिचं "अहो" आणि "ऐकलात?" यावर भागतं. मुलगा सुयोग बाबा म्हणतो, सून बाबा म्हणते, नात आजोबा म्हणते. आणि ज्या देशात त्याने बावीस वर्षं काढली, तिथे झाडून सगळे त्याला राजन म्हणतात.

हा राजन म्हणजे त्याच्या आधीचा सुतार. शुवेखच्या कारखान्यांच्या भागात बू खालिदचं लाकूडकामाचं वर्कशॉप आहे. तिथे खिडकीजवळच्या बाकावर केरळचा हा राजन अकरा वर्षं बसला, मग सुट्टीवर म्हणून गेला तो परतलाच नाही. त्याच्या बाकावर, त्याच्याच पटाशा आणि रंधे देऊन, पुंडलिकाला बसवलं. पहिल्याच दिवशी बू खालिदने पाठीमागून हाक मारली, "राजन, चाय." पुंडलिकाने वळून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तोच उठला. दुसऱ्या दिवशी त्याने आपलं नाव सांगून पाहिलं. अरबी जिभेला 'प' जड. बू खालिदने "बुंदलिक, बुंदलिक" असं दोनदा घोळवून पाहिलं, हसला, आणि म्हणाला की राजनच बरं, लाकूडवाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना सवय आहे. चूक तिथेच झाली. माणसाने तिसऱ्या दिवशीही सांगायला हवं होतं आणि चौथ्या दिवशीही. पण पुंडलिकाचा स्वभाव असा की चपलेत खडा गेला तरी रस्ता संपेपर्यंत चालायचं, उगाच मध्ये थांबून लोकांना खोळंबवायचं नाही.

कागदावर तर तो सुतारही नव्हता. वर्कशॉपच्या परवान्यावर तेव्हा माणसं घ्यायला जागा शिल्लक नव्हत्या, घरगड्यांच्या जागा होत्या, म्हणून त्याला खादिम व्हिसावर आणलं. बू खालिदच्या घरचा तब्बाख, म्हणजे स्वयंपाकी. बावीस वर्षांत त्याने त्या घरात एक अंडं उकडलेलं नाही. सिव्हिल आयडीवर, ज्याला इथे सगळे बताका म्हणतात, नाव पुंडलिकाचं आणि धंदा स्वयंपाक्याचा. सुतार कोण, तर राजन. असं एका माणसाचं दोन ठिकाणी वाटप झालं होतं आणि दोन्हीकडे तो अर्धाच होता. मात्र तक्रार करावी असं काही नाही, इथे अर्ध्या लोकांचं हेच आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

हात मात्र पूर्ण त्याचे होते. देवगडच्या बाजूला खाडीकाठी त्याचं गाव, आजा होड्या आणि मचवे बांधायचा, बापानेही तेच केलं. फायबरच्या होड्या आल्या आणि घरातला धंदा बसला, म्हणून हा इकडे आला. कुवेती घराच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या पेटीत एक लाकडी गलबत लागतंच; त्यांचे आजे-पणजेही समुद्रावरचेच. ती गलबतं पुंडलिक करायचा. चाळीसेक तरी केली असतील. लोक बू खालिदची पाठ थोपटून ती घेऊन जायचे.

सुयोगला त्याने इथूनच शिकवलं. तो आता एका इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे, बायको सुखदा आणि दहा वर्षांची उर्वी यांच्याबरोबर फरवानियात राहतो. बाप अब्बासियात सहाजणांच्या खोलीत राहतो आणि एक शुक्रवार सोडून दुसऱ्याला मुलाकडे जेवायला जातो. सुखदा पुण्याची, स्वभावाने चांगली, पण तिच्यामुळे त्या घरात मालवणी बंद पडली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला कुणी विचारलं तर सुयोग सांगतो की बाबा इंटिरियरमध्ये आहेत. पुंडलिकाने ते एकदा पाठमोरं उभं असताना ऐकलं आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

अशाच एका शुक्रवारी उर्वीने त्याला कोंडीत पकडलं. आजोबा जहाजं बांधतात असं तिने शाळेत सांगितलं होतं आणि कुणी विश्वास ठेवला नव्हता. म्हणून तिने फोनवर शोधून पाहिलं. कुवेतमधली जहाजाची मॉडेल्स पाहिली, दिवाणियांचे फोटो पाहिले, बू खालिदच्या वर्कशॉपचं पानसुद्धा पाहिलं.

"यू आर नॉट देअर, आजोबा," ती म्हणाली. "तुमचं नाव कुठेच नाहीये."

सुखदाने तिला दटावलं. पुंडलिक हसला, भात कालवू लागला. मूल खोटं बोललं नव्हतं. चाळीस जहाजं केली आणि एकावरही आपलं नाव नाही, हे त्याला माहीत होतंच. आता ते नातीलाही माहीत झालं.

त्यानंतर महिन्याभरातच ते काम आलं. समुद्राकडच्या रस्त्यालगत एक खाजगी म्युझियम नव्याने उघडणार होतं, हिंदुस्तान आणि आखात यांच्यामधल्या जुन्या जहाजांचं. तिथल्या संशोधनाचं काम आफिया नावाची मुलगी बघायची. आईबाप हैदराबादचे, जन्म-शिक्षण सगळं कुवेतचं, वय तिशीच्या आत, बोलायला गोड आणि कामाला काटेकोर. ती नकाशांची गुंडाळी घेऊन वर्कशॉपमध्ये आली. पाच फुटांचं मॉडेल हवं होतं, फळीला फळी, दोराला दोर. जहाजाचं नाव शार्लट. इंग्रजांची युद्धनौका, अठराव्या शतकातली.

"लेकिन असल में ये आप लोगों की है, अंकल," ती म्हणाली. "मराठों की."

मग तिने जहाजाची कहाणी सांगितली, आणि पुंडलिकाच्या हातातला पॉलिश पेपर हळूहळू थांबला. हे जहाज १७४१ साली कोकणातल्या एका खाडीत बांधलं, मराठी आरमारासाठी. जात गुराबाची, दोन डोलकाठ्या आणि पुढे लांब, खाली झुकलेली नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, आणि त्या नाकाच्या मागून तोफा डागायच्या. नाव दर्याभवानी. नऊ वर्षं तिने परक्या जहाजांना किनाऱ्याजवळ फिरकू दिलं नाही. मग एका संध्याकाळी वारा पडला, तीन इंग्रजी जहाजांनी तिला गाठलं, मोठी डोलकाठी मोडली आणि ती धरली गेली. ओढत तिला मुंबई बंदरात नेलं. इंग्रजांचं शार्लट नावाचं एक जहाज आदल्याच पावसाळ्यात बुडालं होतं. त्या शार्लटचा कप्तान रिकामा होता, तोफा मागवून झाल्या होत्या, खलाशांच्या याद्या लिहून तयार होत्या. सगळं होतं, नुसतं जहाज नव्हतं. त्यांनी दर्याभवानीच्या मागची पाटी काढली आणि तिथे शार्लटची ठोकली. नवं नाव शोधायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"वो पहलेवाली शार्लट केरल की थी क्या?" पुंडलिकाने विचारलं.

आफियाला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याने गंमत केली असावी म्हणून ती हसली. मग पुढचं सांगू लागली. इंग्रजांनी गुराबाचं लांब नाक कापून तिथे आपल्या पद्धतीचं गोल तोंड बसवलं, तिसरी डोलकाठी उभी केली. जे खलाशी लढाईत वाचले त्यांना त्याच दोरांवर परत जुंपलं, कारण ते दोर त्यांनाच समजत. सहा वर्षांनी ज्या खाडीत ती बांधली त्याच खाडीच्या किल्ल्यावर तिला तोफा डागायला नेलं. किल्ल्यावरच्या गोलंदाजांनी म्हणे तिला मागच्या नक्षीवरून ओळखलं आणि घटकाभर तोफा डागल्याच नाहीत. पहिला गोळा तिनेच टाकला. पुढे चाळीस वर्षं ती इकडे आखातात व्यापारी गलबतांची राखण करत आणि टपाल नेत फिरली. समोरून दुसरं जहाज आलं की कर्ण्यातून विचारायचे, कोण जहाज? आणि तिच्यावरून उत्तर जायचं, शार्लट. शेवटी कुजत आली, कुवेतच्या बंदरात टाकून दिली, लाकडासाठी मोडली. म्युझियमच्या मालकांच्या जुन्या घराला तिचा एक वासा लागला होता, त्यावरून तर हे सगळं शोधून काढलं.

तो वासा बघायला पुंडलिक मुद्दाम गेला. म्युझियमच्या मधल्या दालनात भिंतीवर आडवा बसवला होता, सागाचा, काळा पडलेला. त्यात लाकडी खुंटीचं एक भोक होतं, सरळ नाही, किंचित तिरकं. त्याचा आजा असंच तिरकं भोक पाडायचा. सरळ खुंटी पाण्याच्या माराने सुटते, तिरकी धरून राहते. पुंडलिकाने आजूबाजूला पाहिलं आणि भोकात बोट घातलं. बोट बसलं. त्याला रडू आलं, आणि आपण परक्या देशात एका वाशाला बोट घालून रडतोय याची लाजही वाटली.

त्या दिवसापासून तो त्या जहाजामागे लागला. चांगलं काम आणि जीव टाकून केलेलं काम यात फरक असतो, तो बू खालिदलाही दिसू लागला. जेवायच्या सुट्टीतही राजन बाकावरून उठेना. सागवान त्याने स्वतः निवडलं. डोलकाठी उभी करण्याआधी तिच्या बुडाखाली नाणं ठेवायचं असतं, त्याच्या घराण्यात ते कधी चुकलं नाही; त्याने पाकिटातला भारताचा एक रुपया ठेवला आणि वर डोलकाठी बसवली. पण नकाशातलं ते गोल तोंड काही त्याच्या हाताला रुचेना. वासा तिरक्या खुंटीचा आणि तोंड असलं बोथट, हे जहाज एका आईचं नव्हे. हात नकाशाला न विचारता चालू लागले. त्याने नाळ लांब काढली, खाली झुकवली, आजा काढायचा तशी. तीन आठवडे त्यात गेले. झाल्यावर वर्कशॉपमधले सगळे भोवती येऊन उभे राहिले.

आफिया आली, तिनेही पाहिलं, तिचेही डोळे चमकले. मग तिने नकाशा उलगडला. नकाशा शार्लटचा होता. पकडल्यानंतरचा. पकडण्याआधीच्या जहाजाचं एकही चित्र जगात नाही, तिचं सगळीकडे शोधून झालं होतं. ज्याचं चित्र नाही, ज्याची नोंद नाही, ते म्युझियममध्ये अंदाजाने ठेवता येत नाही.

"ऐसीच थी वो," पुंडलिक म्हणाला. "मेरे हाथ को मालूम है."

"मुझे भी यही लगता है, अंकल," ती म्हणाली. "पर हाथ का हवाला नहीं दे सकते."

मुलगी वाईट नव्हती. तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि तरीही ती नाळ कापायला सांगत होती. जगातली बरीच कापाकापी अशीच होते, वाईट वाटून घेत. पुंडलिकाने ते काम दुसऱ्याला दिलं नाही. बारीक दाताची करवत घेतली आणि स्वतः कापली. मग नकाशाबरहुकूम गोल तोंड बसवलं. ते इतकं बेमालूम बसलं की बघणाऱ्याला वाटावं, हे पहिल्यापासून असंच होतं. कापलेली नाळ त्याने पिशवीत घालून खोलीवर नेली. अब्बासियातल्या त्या खोलीचं दार आपोआप मिटायचं, त्याच्याखाली आता ती अडकवलेली असते.

त्या आठवड्यात तो कुणाशी बोलत नव्हता. बू खालिदच्या ते लक्षात आलं. माणूस मनाने कोता नाही. त्याने चहा मागवला, राजनला समोर बसवलं आणि हवं ते माग म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा पुंडलिकाने मागितलं. पैसे नकोत, सुट्टी नको, म्युझियमच्या पाटीवर जहाज करणाऱ्याचं नाव घाला.

"तेरा नाम? बस?" बू खालिद म्हणाला. "वल्ला, आएगा. मेरा वादा."

हे पुंडलिकाने त्याच शुक्रवारी उर्वीला सांगितलं. तिने तारीख विचारली, उद्घाटन कधी, आपल्याला जाता येईल का, फोटो काढता येईल का. सुयोगने पहिल्यांदाच ते काम नीट विचारून घेतलं, जहाजाचे फोटो मागितले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले, "माझ्या वडिलांनी बांधलेली मराठी गुराब". रत्नमालेला फोनवर सांगितलं तेव्हा तिने ते शेजारी सांगितलं, शेजारणीने वाडीत सांगितलं. आतल्या फळीवर बारीक पटाशीने आपलं नाव कोरून ठेवावं असं एकदा पुंडलिकाच्या मनात आलं होतं. पण बाहेर सगळ्यांना दिसेल असं लागणार आहे म्हटल्यावर आत लपवून कशाला, म्हणून त्याने वरच्या फळ्या ठोकून जहाज बंद केलं.

जहाज गेलं. दोन दिवसांनी दुपारी वर्कशॉपचा फोन वाजला. मोठी करवत चालू होती, पुंडलिकाच्या एका हातात सरसाचं भांडं होतं, त्याने दुसऱ्या हाताने फोन उचलला. पलीकडे आफिया होती. पाटी छापायला जातेय, बू खालिदनी जहाज करणाऱ्याचं नाव घालायला सांगितलंय, तेव्हा कारीगरांशी बोलायचंय, असं काहीतरी ती म्हणाली. करवतीत निम्मं वाहून गेलं.

"आप कौन बोल रहे हैं? नाम?"

"राजन," पुंडलिक म्हणाला. "बोलिए."

तिने शुक्रिया म्हटलं आणि फोन ठेवला. एवढ्यासाठीच होता होय फोन, असं त्याला वाटलं, आणि तो सरस गार व्हायच्या आत बाकाकडे गेला. बावीस वर्षं रोज दहादा जे तोंडातून जातं ते त्या दिवशीही गेलं. त्याला कळलंसुद्धा नाही. झोपेत कूस बदलल्यावर कुणाला कळतं?

उद्घाटनानंतरच्या शुक्रवारी सगळे म्युझियमला गेले. सुखदाने रेशमी साडी नेसली होती. सुयोगने बापाला नवा शर्ट आणला होता, त्याच्या कॉलरची घडी अजून मोडली नव्हती. उर्वीने गाडीतच सांगून टाकलं की ती पाटीचा फोटो काढून टीचरना पाठवणार आहे. मधल्या दालनात त्या काळ्या वाशाखाली, मोठ्या काचेत, शार्लट उभी होती. दिवे असे लावले होते की शिडांची सावली भिंतीवर पडावी. लोक थांबून बघत होते. पुंडलिक चार पावलं मागे राहिला. आपलं काम आपणच धावत जाऊन बघणं त्याला बरं दिसलं नाही.

बू खालिद आलाच होता, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, ओळखीच्यांना घेऊन. त्याने पुंडलिकाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला काचेपाशी नेलं.

"शूफ, राजन," तो म्हणाला. "इस्मक." बघ, तुझं नाव.

पितळी पाटी होती, वर अरबी, खाली इंग्रजी. उर्वीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शार्लट, चोवीस तोफा, पकडल्याचं साल, मोडल्याचं साल. मूळ नाव दर्याभवानी. मूळ बांधणारे अज्ञात. मग ती थांबली.

"मॉडेल बाय राजन," तिने वाचलं, आणि वळून बघितलं. "आजोबा, हू इज राजन?"

सुयोगने पाटी दोनदा वाचली आणि तो तरातरा आफियाला शोधायला गेला. ती दाराशीच पाहुण्यांना माहिती देत होती. तो तिच्याशी जरा चढ्याच आवाजात बोलला. ती बिचारी गोंधळली, फोन काढून नोंद बघितली. वर्कशॉपला फोन केला होता, त्या तारखेला, इतक्या वाजता, कारीगर स्वतः बोलले होते. मग तिची नजर पुंडलिकाकडे गेली आणि तिला आवाज ओळखता आला असावा.

"अंकल, मैंने तो आप ही से पूछा था," ती म्हणाली. "आप ही ने कहा, राजन."

ते सरसाचं भांडं, ती करवत, सगळं पुंडलिकाला तेव्हा आठवलं. दुसऱ्या कुणी लुबाडलं असतं तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

"बाबा, तुम्हीच सांगितलंत?" सुयोगने विचारलं.

पुंडलिकाने मान हलवली. आफिया मुलगी सज्जन. ती लगेच म्हणाली की काही बिघडलं नाही, पाटी आठवड्यात बदलता येईल, नावाचा पुरावा म्हणून अंकलच्या बताक्याची फक्त कॉपी द्या, मी आजच पाठवते. सुयोगने हात पुढे केला. पुंडलिकाने पाकीट काढलं, कार्ड अर्धं बाहेर काढलं आणि तसंच धरून ठेवलं. सुयोगनेही ते पाहिलं. पुंडलिक मेस्त्री, स्वयंपाकी, मालकाच्या घरी. हे कार्ड त्या पाटीशी जोडलं की उद्या कुणीही विचारणार, हा स्वयंपाकी सुताराच्या बाकावर काय करतो? मग बू खालिदला दंड, आणि याला विमान. बू खालिदही एव्हाना जवळ आला होता. त्याने कार्ड बघितलं, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आवळलं, आणि त्याने ते हलक्या हाताने परत पाकिटात सारलं.

"राजन, बुंदलिक, एक ही बात है," तो म्हणाला. "आदमी तो तू ही है ना?"

सुयोगने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याचीही नोकरी याच देशात होती. आफिया एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली, मग तिला समजलं आणि तिने फोन पर्समध्ये टाकला. पुंडलिकानेच शेवटी विषय मिटवला. राहू द्या म्हणाला, पाटी चांगली आहे, पितळ उगाच वाया घालवू नका. हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटकेचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला. उर्वी अजून उत्तराची वाट बघत होती.

"होता एक सुतार," तो तिला म्हणाला.

"पण जहाज तर तुम्ही बांधलं ना?"

"हो."

"देन दॅट्स नॉट फेअर," उर्वी म्हणाली. फोटो काढायला हवा होता, रत्नमाला वाट बघत असणार. पुंडलिक काचेपाशी जाऊन उभा राहिला. उर्वीने फोन धरला, मग खाली घेतला आणि म्हणाली की आजोबा, तुम्ही पाटी झाकताय, थोडं बाजूला व्हा. तो बाजूला झाला नाही. तिने तसाच काढला.

संध्याकाळी सुयोगने त्याला अब्बासियाला सोडलं. उतरताना सुयोग इतकंच म्हणाला की मंडळाच्या ग्रुपवर लोक पाटीचा फोटो मागतायत, काय करू. पुंडलिक म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर.

खोलीवर तो आपल्या खाटेवर बसला, फोटो रत्नमालेला पाठवला आणि फोन लावला. तिकडे जेवणं होऊन शेजारच्या बायका ओसरीवर बसल्या होत्या, त्यांचे आवाज येत होते. रत्नमालेने फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला असणार, कारण बराच वेळ नुसताच गलका ऐकू आला. मग ती आली.

"जहाज बरा झाला हा," ती म्हणाली. "नाव लागला मा तुमचा?"

"व्हय," पुंडलिक म्हणाला. "लागला."

"मग पाटी दिसणा नाय ती? तुमीच तिच्या फुडे उबे रवल्यात."

"रवलंय खरो."

"एक काम सरळ करूचा नाय," ती म्हणाली, आणि मागे कुणाला तरी सांगून हसली. तिच्या आवाजात खुशी मावत नव्हती.

"ऐकतंस?" तो म्हणाला. "माजा नाव घे बघया एकदा."

"कसला नाव?"

"माजा."

"खुळावलात की काय? हय सगळी बायलमाणसा बसली हत." ती लाजली होती, साठीला आलेली बाई. "असा फोनार कोण घोवाचा नाव घेता? गावाक येशात तेवा बघू. ठेवतंय आता."

तिने फोन ठेवला. दाराखाली ती कापलेली नाळ होती आणि अर्ध्या उघड्या दारातून पलीकडच्या सैपाकाच्या जागेतला फोडणीचा वास येत होता. त्या दिवशी खोलीतल्या एका बिहारी पोऱ्याची जेवण करायची पाळी होती.

"राजनभाई," त्याने तिकडून हाक मारली, "खाना लग गया."

"आया," पुंडलिक म्हणाला आणि उठला.